धोंड्याच्या महिन्यातली खोली नंबर तीन

नांदुरा,
८ मार्च २०२६

चि. इरा,

आशीर्वाद आहेतच, आधी कामाचं लिहितो. श्रमसाफल्य भवनाची मागच्या दोन वर्षांची रजिस्टरं एस.टी.च्या पार्सलने पाठवली आहेत. मिळाल्याची पोच दे. फोनवर दिलेली पोच मी धरत नाही. त्रेचाळीस वर्षं या भवनाच्या खोल्या मी देतोय आणि फोनवर खोली धरलेला माणूस दुसऱ्या दिवशी "मी असं म्हणलोच नाही" म्हणताना शंभरदा ऐकलाय. कागद असं करत नाही. तेव्हा आपला सगळा व्यवहार पत्रानेच.

आमचे अध्यक्ष अर्जुनराव कुठलंसं भवन पाहून आले. तिथे म्हणे लोक घरबसल्या मोबाइलवर खोली धरतात. आल्या पावली म्हणाले, "चिंतामणराव, आपणही ऑनलाइन होऊन जाऊ." मी म्हटलं, सभागृह एक, खोल्या तीन, पटांगण एक आणि मी एक, यात ऑनलाइन व्हायचं काय राहिलंय? पण ठराव झाला, आणि माझी सख्खी नात पुण्यात बसून म्हणाली, मी फुकट करून देते. घरातच फितुरी झाल्यावर मी कोणाला बोलणार?

एकच गोष्ट डोक्यात ठेव. आमच्या एक्केचाळीस नोंदी दरवर्षीच्या आहेत आणि त्या तिथीने चालतात. सोजराबाईंची वटपौर्णिमा, महादेवरावांच्या भजनी मंडळाची एकादशी, असं बरंच. ही माणसं खोली मागायला येत नाहीत, त्यांची ती असतेच. त्यात चूक झाली तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. माझ्या रजिस्टरात आजवर एकही चूक नाही, हे लक्षात असू दे.

आजी बरी आहे. तुझ्या आईला, मधुवंतीला, आशीर्वाद. घरी सगळ्यांना विचारल्याचं सांग.

तुझा,
आजोबा

———

पुणे,
१९ मार्च २०२६

आजोबा,

नमस्कार, आणि ही घ्या कागदावरची पोच. रजिस्टरं मिळाली. ऑफिसातल्या मुलींना तुमचं अक्षर दाखवलं, तर एकीने विचारलं, हा कुठला फॉन्ट?

दोन्ही वर्षांच्या सगळ्या नोंदी यंत्रात चढवल्या. तिथ्यांची काळजी सोडा, मला त्यांची चावी सापडली आहे. प्रत्येक तिथी मागच्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवस आधी येते. चोवीस सालच्या तारखेतून अकरा वजा केले की पंचवीसची येते, एक दिवस इकडेतिकडे. म्हणून पंचवीसमधून अकरा वजा करून सव्वीसच्या एक्केचाळीसही नोंदी एका बटणात टाकल्या. तुम्हाला यासाठी पंचांग घेऊन दोन दिवस बसावं लागतं, असं आजी सांगत होती! एक तारखेपासून लोकांना आपापल्या खोलीची तारीख मोबाइलवर जाईल. कोणती खोली कधी, कोणाच्या नावाने, हे साइटवर कोणालाही पाहता येईल.

आता माझं कामाचं. "घरी सगळ्यांना" म्हणजे बाबांनाच ना? सांगितलं मी. ते नुसते "हं" म्हणाले. आजोबा, आई-बाबांच्या बुलढाण्याहून नांदुरा ते असं किती लांब? दर दिवाळीत बाबा आम्हाला राजूर घाटातून खाली आणतात, भवनाच्या कोपऱ्यावर आईला आणि मला उतरवतात आणि गाडी वळवतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा कोपऱ्यावरून परत जातात. काय झालं होतं ते ना आई सांगते, ना आजी. मला एकदा, फक्त एकदा, तुम्हा दोघांना एका पंगतीत जेवताना पाहायचं आहे. यंत्राची मजुरी म्हणून हे मागितलं तर चालेल का?

तुमची,
इरा

———

नांदुरा,
१४ एप्रिल २०२६

चि. इरा,

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. उत्तर मुद्दाम लिहिलं नव्हतं. तुझ्या यंत्राचे संदेश लोकांना जाऊ देत, मग लिहू, असा विचार केला. गेले. आता लिहितो आणि सावकाश लिहितो, कारण असा आनंद रोज मिळत नाही.

काल सकाळी सोजराबाई एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात मेथीची जुडी घेऊन माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, हे मशीन मले तीस मेले वड पुजाले बलावते. धोंड्याच्या महिन्यात वटपौर्णिमा असते का कधी? याचं लगन झालं नसन अजून, त्याशिवाय असं नाही करनार." जुडी टेबलावर ठेवून हसत गेल्या. त्यांच्यामागे महादेवराव आले, मग आणखी सात जण. मी दिवसभर चहा पाजत होतो.

बेटा, चांद्रवर्ष अकरा दिवसांनी लहान असतं हे तुझं खरं. पण म्हणून ते दरवर्षी मागेच सरकत राहिलं असतं तर दिवाळी पावसाळ्यात आली नसती का? ते भरून काढायला दर तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो. तोच अधिक, आपल्याकडचा धोंड्याचा महिना. यंदा सतरा मेपासून अधिक ज्येष्ठ आहे, आणि खरा, म्हणजे निज ज्येष्ठ, त्याच्यानंतर. तुझं गणित थेट अधिकात जाऊन पडलं. ज्या महिन्यात कोणी मंगलकार्य करत नाही, जावयाला जेवू घालायचं सोडून भवनात ज्याला त्याला सुट्टी असते, त्या महिन्यात तू ज्येष्ठाची सगळी कार्यं भरलीस, आणि पुढचे सगळे सणही महिनाभर अलीकडे ओढलेस!

मी तुला दोनच वर्षांची रजिस्टरं दिली होती आणि त्या दोन्ही वर्षांत अधिक नव्हता, म्हणून तुला ते दिसलं नाही. पण विचारायचं तरी. अकरा दिवस बोटांवर मोजून नोंद करणारा माणूस माझ्या हाताखाली असता तर मी त्याला आठ दिवस झाडू मारायला लावला असता. आता माझी सगळी रजिस्टरं ट्रंकेत बांधून ट्रान्सपोर्टने पाठवतोय. अधिक महिने कसे सांभाळायचे ते बघ आणि शीक.

मजुरीच्या गोष्टीबद्दल नंतर कधी.

आजोबा

———

पुणे,
२७ एप्रिल २०२६

आजोबा,

चुकले, चुकले, चुकले. पत्र चारदा वाचलं, चारही वेळा हसले आणि चारही वेळा कान धरले. सोजराआजींना सांगा, यंत्राचं लग्न लावून दिलं आहे, पंचांगाशी. आता प्रत्येक तिथीपुढे "अधिक" की "निज" हे लिहिल्याशिवाय यंत्र पुढे सरकतच नाही. एक्केचाळीसही नोंदी दुरुस्त झाल्या. वटपौर्णिमा २९ जून. बरोबर?

ट्रंक आली. ट्रान्सपोर्टवाल्याने विचारलं, "मॅडम, यात दगड आहेत का?" रोज रात्रीच्या जेवणानंतर दोन-तीन रजिस्टरं उलटी, म्हणजे अलीकडून पलीकडे, पाहते आहे. दोन हजार एकपर्यंत पोहोचले.

त्यात एक गंमत सापडली. दर अधिक महिन्यात, शुद्ध दशमीला, तुमच्याच नावावर खोली नंबर तीन धरलेली आहे. "स्वतःसाठी, धोंडे जेवण, पाने पाच." आणि प्रत्येक वेळी वरून रेघ मारून "रद्द". अशा नऊ नोंदी आहेत. दोन हजार वीसमध्ये तर भवनाला कुलूप होतं, तरी धरलीत आणि रद्द केलीत! फक्त पहिली, दोन हजार एकची, पाने चारची आहे. मला वाटतं, समितीच्या जेवणाचा काही बेत असेल आणि दरवेळी कोणीतरी टांग मारत असेल.

नेमाने येणारी नोंद म्हणून मी यंदाचीही टाकून ठेवली आहे. २५ मे, सोमवार, खोली नंबर तीन, चिंतामण लोणारकर, धोंडे जेवण, पाने पाच. साइटवर दिसते आहे. समितीचं जेवण यंदा तरी होऊ द्या. की रद्द करू?

तुमची शिकाऊ कारकून,
इरा

———

नांदुरा,
३ मे २०२६

चि. इरा,

२५ मेची नोंद रद्द कर. कारण विचारू नकोस.

आजोबा

*इरू, मी आजी. पाकीट डकवायले माझ्याजवळ दिलं म्हणून दोन ओळी लिहून घेते, त्यांना माहीत नाही.*

*समितीचं कसलं जेवण! ते तुझ्या बाबांचं आहे. लग्न झाल्यापासून नऊ अधिक महिने आले. नऊही वेळा हे खोली धरतात, मला म्हणतात, "पद्मजा, अनारशाचे तांदूळ भिजव." मी तीन दिवस तांदूळ भिजवते, वाळवते, दळते, गूळ घालून मुरवते. आणि आवतन द्यायची वेळ आली की हे रजिस्टर काढतात अन् रेघ मारतात. नऊ वेळचे अनारसे अख्ख्या गल्लीनं खाल्ले, जावई सोडून. पाचवं पान तुझं. पहिल्या वेळी तू पोटात होतीस म्हणून चारच.*

*झालं होतं असं. तुझ्या आईच्या लग्नात चिखलीहून दोन बसा भरून वऱ्हाड आलं, आणि जानोशासाठी, म्हणजे वऱ्हाड उतरवायला, ठेवलेल्या तिन्ही खोल्यांत बियाणेवाल्यांचं शिबिर चालू! वरमाय उन्हात उभी. नवरदेव बाशिंग बांधून व्हरांड्यात सरकीच्या पोत्यावर तीन तास बसले. तुझे बाबा तेव्हाही ग्रंथपाल, नोंदीतली चूक त्यांना विंचवासारखी लागते. चार माणसांत बोलून गेले, "ज्याले तीन खोल्यांचा मेळ ठेवता येत नाही, त्यानं रजिस्टर काऊन धराव?" झालं. यांच्या रजिस्टराला कोणी बोललं की यांना बोलल्यापेक्षा जास्त लागतं. यांनी सगळं खापर शिपाई दयारामवर फोडलं, त्यानं खोल्या परस्पर दिल्या म्हणून. तेव्हापासून दोघंही अडून बसलेत. आवतनाशिवाय जावई येत नाही, आणि आवतन यांच्या तोंडून निघत नाही.*

*नोंद रद्द करू नको. मी तांदूळ भिजवले आहेत.*

———

पुणे,
९ मे २०२६

आजोबा,

हे पत्र तीन दिवस लिहिते आहे. आधीची दोन फाडली.

२५ मेची नोंद मी रद्द केलेली नाही. त्याबद्दल रागवा, पण आधी सोबतची दोन झेरॉक्स पानं पाहा. ती १९९९ च्या रजिस्टरातली आहेत. आईच्या लग्नाच्या वर्षाचं म्हणून मी ते शेवटी उघडलं.

पहिलं पान २३ जूनचं, म्हणजे लग्नाच्या दिवसाचं. त्यावर लग्नाची नोंदच नाही. पान कोरं होतं, म्हणून दयारामकाकांनी त्यांच्या अक्षरात "बियाणे विक्रेता शिबिर, खोली १, २, ३" असं लिहिलं. त्यांनी पान पाहून, रीतसर खोल्या दिल्या होत्या.

दुसरं पान २४ मेचं. त्यावर तुमच्या अक्षरात आहे, "चि. मधुवंतीचे लग्न, ज्येष्ठ शु. दशमी, जानोसा खोली १, २, ३." खाली लाल शाईने दोन रेघा. आणि समासात पेन्सिलने छोटीशी वजाबाकी. आदल्या वर्षीची तारीख, चार जून. वजा अकरा.

त्या वर्षीही ज्येष्ठच अधिक होता, आजोबा.

ही चूक मला दुसऱ्या कोणाला विचारावी लागली नाही. लगेच ओळखली, कारण दोनच महिन्यांपूर्वी मी केली होती. आणि खरं सांगू? मला वाईट वाटण्याआधी बरं वाटलं. वाटलं, मी तुमचीच नात आहे, अगदी पेन्सिलीपर्यंत.

आई-बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. रजिस्टर तुमचं आहे. काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

इरा

———

नांदुरा,
१४ मे २०२६

चि. देवेशराव,

तुम्हाला पत्र लिहायला कशी सुरुवात करतात ते मला येत नाही, कारण सत्तावीस वर्षांत लिहिलेलं नाही. तेव्हा सरळ सांगतो. तुमच्या लग्नात खोल्यांचा जो घोळ झाला, तो माझ्या हातून झाला होता. दयारामने केला नव्हता.

भटजींनी माघातच तिथी सांगितली होती. नवीन वर्षाचं पंचांग यायचं होतं. मला घाई, मुलीचं लग्न, पहिली नोंद आपली असावी. मागच्या वर्षीच्या तारखेतून बोटांवर अकरा दिवस मोजले आणि लिहून मोकळा झालो. पुढे पंचांग आलं, पत्रिका बरोबर तारखेच्या छापल्या, पण रजिस्टरातली नोंद हलवायची राहिली. २४ मेला तिन्ही खोल्या रिकाम्या पडून होत्या. अधिकात खोल्या रिकाम्याच असतात, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

हे मला परवा कळलं असं म्हणणार नाही. शंका त्याच दिवशी आली होती. म्हणूनच ते रजिस्टर मी पुन्हा कधी उघडलं नाही. इराला ट्रंक पाठवताना ते हातात आलं होतं. बाजूला ठेवता आलं असतं, ठेवलं नाही.

इराचं पत्र आलं त्या दुपारी मी दयारामच्या घरी गेलो. रिटायर होऊन त्याला बारा वर्षं झाली. झेरॉक्स त्याच्यापुढे धरली. त्याने चष्मासुद्धा लावला नाही. म्हणाला, "मले तवाच माहीत होतं, साहेब."

मी म्हटलं, "मग बोलला काऊन नाहीस बे?"

"पोरीच्या लग्नात बापाची चूक काढू का? मी बोलनं खाल्लं तर काय झालं. तुम्ही मले दुसऱ्या दिवशी जिलबीचा पुडा दिल्ता." मग म्हणाला, "पन जावईबापूले मातर तुम्ही सांगाले पायजे होतं."

म्हणून सांगतोय. तुमच्या मातोश्री त्या दिवशी उन्हात उभ्या होत्या. त्या आता नाहीत, त्यांची माफी मागायची राहूनच गेली. ती तुमच्याजवळ मागतो. तुम्ही तेव्हा जे बोललात ते कडू होतं, पण खोटं नव्हतं.

आता आवतन. सोमवार, २५ मे, अधिक ज्येष्ठ शुद्ध दशमी. दुपारी बारा वाजता श्रमसाफल्य भवन, खोली नंबर तीन. घरी का नाही, असं पद्मजा विचारते. जिथे तुमची बसायची जागा चुकली, तिथेच ती मिळावी, म्हणून. मधुवंतीला घेऊन या. कोपऱ्यावरून गाडी वळवू नका.

तुमचा सासरा,
चिंतामण लोणारकर

———

बुलढाणा,
१९ मे २०२६

ती. मामा,

तुम्हाला काय म्हणायचं हे मलाही ठरवावं लागलं. लग्नाआधी मामा म्हणत होतो, तेच पुन्हा उचललं आहे.

पत्र पोचलं. मधुवंतीने मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं, आणि दयारामपाशी आल्यावर तिला पुढे वाचता येईना. मग मी वाचलं.

चूक तुमच्या नोंदीतली, पण जीभ माझी होती. पंचवीस वर्षांचा नवरदेव, डोक्याला बाशिंग, खाली सरकीचं पोतं आणि समोर हसणारे बियाणेवाले. बोलून गेलो. संध्याकाळपर्यंत वाईट वाटायला लागलं होतं. पण तोवर तुम्ही बोलणं टाकलं होतं, आणि मग माझ्यातला चिखलीकर जागा झाला. आई मात्र त्या दिवसाची आठवण निघाली की हसायची. तिच्या माफीचं मनावर घेऊ नका.

एक सांगायचं आहे. लेकीने केलेली साइट म्हणून मी ती पहिल्या दिवसापासून पाहतो. एप्रिलच्या शेवटी तिथे तुमच्या नावाची नोंद दिसली, धोंडे जेवण, पाने पाच. ग्रंथपाल आहे, मोजणारच. तुम्ही, मामी, मधुवंती, इरा असे चार झाले. पाचवं कोणाचं, हे स्वतःशी म्हणायलाही धीर होईना. त्या दिवसापासून रोज सकाळी चहाच्या आधी साइट उघडून पाहत होतो, नोंद रद्द झाली का. झाली नाही.

२५ तारखेची रजा टाकली आहे. येतो. फक्त एक अट आहे. मला पाट नको. पोत्यावर बसेन.

देवेश

———

नांदुरा,
२८ मे २०२६

चि. इरा,

तुझ्या ऑफिसला सोमवारीच काय नवीन सुरू करायचं होतं कोण जाणे. सबंध आयुष्यात एक दिवस चुकवायचा नव्हता, तो तू चुकवलास. तेव्हा नीट वाच, मी काहीच गाळणार नाही.

बारा वाजता यायचं होतं. मी साडेनवालाच फाटकाशी उभा. पद्मजा म्हणाली, "अहो, ऊन काय मी म्हणून राहिलं, आत या." मी म्हटलं, त्यांची आई तीन तास उभी होती. मग तिने छत्री आणून दिली.

पावणेबाराला गाडी कोपऱ्यावर आली आणि थांबली. मी छत्री मिटून दोन पावलं पुढे झालो. थांबली ती मधुवंतीसाठी, तिला रडू आवरेना म्हणून. मग सरळ फाटकातून आत आली. देवेशराव उतरले. केस पांढरे झालेत गं त्यांचे. मी नमस्काराला हात जोडले, ते पायाशी वाकले, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. मधुवंती रडता रडता हसायला लागली, आणि तिथून पुढे सगळं सोपं झालं.

खोली नंबर तीनमध्ये मधोमध पोतं ठेवलं होतं. साधंसुधं नव्हे, महादेवरावांनी मुद्दाम सरकी भरून दिलेलं. वर पद्मजाची पैठणी अंथरली होती. जावईबापू त्यावर ऐटीत बसले. तांब्याच्या ताम्हनात तेहतीस अनारसे, वर दिवा. पद्मजाने ओवाळलं. एकही अनारसा फसला नव्हता, सगळ्यांना जाळी पडली होती. ती म्हणाली, "नऊ वेळा सराव झाला की माझा." पुरणाचे धोंडे जावईबापूंनी नऊ खाल्ले. मी मोजत नव्हतो, तेच मोठ्याने मोजत होते, दोन हजार एक, दोन हजार चार, दोन हजार सात, असं करत. मागची थकबाकी म्हणाले.

तुझं पान दयारामला वाढलं. तुला न विचारता केलं, तेवढा आरक्षणात बदल करून ठेव. देवेशरावांनी त्याला स्वतःच्या शेजारी बसवलं आणि आपल्या हाताने अनारसा भरवला. दयाराम म्हणाला, "साहेब, चूक चांगली करत जा. फळ लय गोड येते."

जेवणानंतर सोजराबाई, अर्जुनराव, भजनी मंडळ, सगळे डोकावून गेले. साइटवर वाचून आले होते म्हणे! सोजराबाईंनी जावईबापूंना नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हेच का ते? पोत्यावरचे?" देवेशराव म्हणाले, "हाव, अजून तिथंच हाये." असं हसलो, इरा, की मला बाहेर व्हरांड्यात जाऊन डोळे पुसावे लागले. मी सुखात आहे. सत्तावीस वर्षं एवढ्यासाठी घालवली याची लाज वाटते, आणि तरीही सुखात आहे.

आता तक्रार. काल मी जन्मात पहिल्यांदा तुझ्या यंत्रावर स्वतः खोली धरायला बसलो. वैष्णवी, ती नवी कारकून, शेजारी उभी होती, पण तिला हात लावू दिला नाही. पुढचा अधिक तीन वर्षांनी, मार्च २०२९ मध्ये, अधिक चैत्र. जावईबापूंना शब्द दिलाय. सगळं बरोबर भरलं, "अधिक"सुद्धा निवडलं, तर लाल अक्षरात म्हणतं, एक वर्षापुढचं आरक्षण घेता येत नाही!

बेटा, मी त्र्याहत्तर वर्षांचा. मला तीन वर्षांचा भरवसा आहे आणि तुझ्या यंत्राला नाही? ताबडतोब दुरुस्त कर.

तुझा,
आजोबा

———

पुणे,
२ जून २०२६

आजोबा,

दुरुस्त केलं. कागदावरची पोच पुढीलप्रमाणे.

खोली नंबर तीन. सन २०२९, अधिक (पुन्हा लिहिते, अधिक) चैत्र, शुद्ध दशमी, दुपारी बारा. धोंडे जेवण. पाने सहा, दयारामकाका धरून. बैठक: एक पाट माझ्यासाठी, पोतं बाबांसाठी.

यंत्रातल्या प्रत्येक नोंदीसमोर "रद्द करा" असं एक बटण असतं. एवढ्या एका नोंदीसमोरचं मी काढून टाकलं आहे.

तुमची,
इरा